ते रिव्हॉल्वर तिथे होतंच कशाला?

अ‍ॅलेक बाल्डविन या हॉलिवूडच्या नटाने चाप ओढला की नाही, या एका प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जेवढी शाई खर्ची पडली, तेवढ्यात दोन-चार पटकथा सहज लिहून झाल्या असत्या. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेजवळच्या बोनान्झा क्रीक रँचवर ‘रस्ट’ या वेस्टर्नपटाचं काम चालू असताना त्याच्या हातातल्या रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटली. छायाचित्रकार हलिना हचिन्स गेली. तिच्या शरीरातून आरपार गेलेली तीच गोळी दिग्दर्शक जोएल सूझाच्या खांद्यात रुतली. तेव्हापासून वाद घालणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एकांचं म्हणणं, बंदूक ज्याच्या हातात त्याची जबाबदारी. दुसऱ्यांचं म्हणणं, ती बंदूक तपासायला पगारी माणसं ठेवलेली असतात, नटाने अभिनय करावा. बाल्डविनची राजकीय मतं मोठ्या आवाजातली, त्यामुळे ज्यांना तो आधीपासूनच खुपत होता त्यांनी पहिली बाजू उचलली आणि ज्यांना तो आवडत होता त्यांनी दुसरी. म्हणजे माणूस आधी ठरला, तत्त्व मागून आलं.

मला हा वादच चुकीच्या दाराशी चाललेला दिसतो. दोषी कोण, हे न्यायालयाने बघावं. इतरांनी विचारायचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: खरं काडतूस बसू शकेल आणि उडू शकेल असं रिव्हॉल्वर त्या सेटवर होतंच कशाला? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. खरी गोळी झाडण्याची क्षमता असलेलं हत्यार चित्रपटाच्या सेटवर असता कामा नये. त्याचे नियम आणखी कडक करा, आर्मररला, म्हणजे सेटवरची हत्यारं सांभाळणाऱ्याला, आणखी प्रशिक्षण द्या, आणखी एक सही घ्या, यातलं काहीही मला पुरेसं वाटत नाही. ती वस्तूच तिथून जायला हवी.

त्या दुपारी नेमकं काय चाललं होतं ते जवळून पाहा. लाकडी चर्चचा सेट. बाल्डविन बाकावर बसलेला. उजव्या हाताने डाव्या बाजूचं रिव्हॉल्वर आडवं उपसून कॅमेऱ्याकडे कसं आणायचं, याची तालीम चालू आहे. तालीमच. कॅमेरा चालू नव्हता. हचिन्स आणि सूझा कॅमेऱ्यापाशी उभे राहून कोन ठरवत होते. सहाय्यक दिग्दर्शकाने रिव्हॉल्वर देताना ‘कोल्ड गन’ अशी आरोळी दिलेली होती. सेटवरच्या भाषेत त्याचा अर्थ, आत उडेल असं काही नाही. प्रत्यक्षात आत डमी काडतुसं असायला हवी होती. हुबेहूब खऱ्यासारखी, शिशाच्या टोकासकट, पण आत दारू नसलेली. अशा डमीच्या पोटात बऱ्याचदा एक बारीक छर्रा टाकलेला असतो. ती कानाशी धरून हलवायची, खुळखुळली तर डमी. काहींना त्याऐवजी बाजूला भोक पाडलेलं असतं. प्रत्येक काडतूस असं एकेक काढून, हलवून, ऐकून परत बसवायचं असतं. सहाय्यक दिग्दर्शकाने नंतर पोलिसांना सांगितलं की आपल्याला तीनच काडतुसं पाहिल्याचं आठवतं, सगळी तपासायला हवी होती, तपासली नाहीत. आर्मरर त्या क्षणी चर्चच्या बाहेर होती.

म्हणजे दोन माणसांचा जीव एका खुळखुळण्याच्या आवाजावर सोपवलेला होता, आणि तो आवाज त्या दिवशी कुणी पूर्ण ऐकला नाही. आता सांगा, कॅमेरा बंद असताना, नुसता हात कुठून कुठे जातो ते पाहायचं असताना, हातात रबरी रिव्हॉल्वर असतं तर काय बिघडलं असतं? एखादा लाकडाचा तुकडाही चालला असता.

पहिल्या तटाच्या युक्तिवादात मोठं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. बंदूक बाळगणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी जे शिकवतात ते असं: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समज, आणि ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी करू नकोस. हे दोन नियम पाळले तर बाकीच्या सगळ्या चुका माफ होतात. चाप चुकून दाबला गेला, काडतूस चुकून राहिलं, तरी गोळी जमिनीत जाते. शिकारी, सैनिक आणि पोलीस पिढ्यानपिढ्या याच नियमांवर तगून राहिले आहेत. बाल्डविनने ते पाळले असते तर हचिन्स आज असती, यात शंका नाही. मग नटांना हेच का शिकवू नये?

शिकवावं. पण सिनेमाचं काम काय, ते विसरून चालणार नाही. सिनेमात बंदूक आणतात तीच मुळी कुणाकडे तरी रोखण्यासाठी. ती समोरच्या नटावर रोखतात, स्वतःच्या कानशिलावर रोखतात, कॅमेऱ्याच्या भिंगावर रोखतात, आणि भिंगामागे माणूस असतो. कॅमेरा बाजूला ठेवून, नळी जरा तिरपी धरून पुष्कळदा भागवता येतं, आणि जाणकार आर्मरर ते करून घेतातही. तरी दर तिसऱ्या प्रसंगात दिग्दर्शक म्हणणार, ‘जरा अजून आत घे.’ जो नियम मोडणं हेच ज्या धंद्याचं काम, त्या धंद्याला त्या नियमाचा भरवसा कसा द्यायचा? बंदुकीचे नियम पाळता येत नसतील तर हातात बंदूक नसावी, असंच कुठलाही शहाणा शिकारी सांगेल. पहिल्या तटाचा युक्तिवाद शेवटपर्यंत ओढत नेला तर तो माझ्याच दारात येऊन थांबतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. नियम होतेच की, ते पाळले गेले नाहीत. अमेरिकन चित्रपटउद्योगाच्या सुरक्षा-पत्रकांच्या मालिकेतलं अगदी पहिलं पत्रक बंदुकांवर आहे. खरी काडतुसं सेटवर आणायचीच नाहीत, ब्लँकने, म्हणजे गोळी नसलेल्या नुसत्या दारूच्या काडतुसानेही, माणूस मरतो, प्रत्येक बंदूक भरलेली समजा, हे सगळं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. ‘रस्ट’च्या सेटवर त्या प्राणघातक काडतुसासह सहा खरी काडतुसं निघाली. जेमतेम पाच दिवसांपूर्वी तिथे चुकून बार उडण्याचे प्रकार झालेले होते. घटनेच्या दिवशी सकाळीच कॅमेरा विभागातले कित्येक जण कामाचे तास, राहण्याची सोय आणि सुरक्षितता यांबद्दल तक्रार करून निघून गेले होते. आर्मरर चोवीस वर्षांची, आणि तिच्याच गळ्यात प्रॉप्सचंही काम मारलेलं. एवढा सगळा गलथानपणा असताना दोष हत्याराला कसा द्यायचा? गाडी चालवणारा झिंगलेला असेल तर आपण गाड्यांवर बंदी घालतो का?

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी आणखी दोन मृत्यू शेजारी ठेवून पाहू. १२ ऑक्टोबर १९८४. एका दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर ताटकळून कंटाळलेला सव्वीस वर्षांचा नट जॉन-एरिक हेक्सम .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर गमतीने कानशिलाला लावतो आणि चाप ओढतो. आत ब्लँक होतं, म्हणजे दारू आणि तिच्यावर बसवलेला बुच. गोळी नव्हती. पण नळी टेकवलेली असताना त्या वायूचा दाब आणि बुच एवढ्या जोराने बाहेर पडले की कवटीचं हाड मोडून मेंदूत घुसलं. सहा दिवसांनी तो गेला. तेव्हापासून धडा झाला: ब्लँकसुद्धा जवळून मारतं, अंतर ठेवा.

३१ मार्च १९९३. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये ‘द क्रो’ या चित्रपटाचं शूटिंग. रिव्हॉल्वर समोरून दाखवायचं तर सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात, गोळ्यांची टोकं दिसायला हवीत, म्हणून डमी लागतात. तिथल्या मंडळींनी खऱ्या काडतुसांतली दारू ओतून डमी घरच्या घरी तयार केल्या, पण बुडाचा प्राइमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, तसाच राहिला. कधीतरी चाप ओढला गेला, प्राइमर फुटला, आणि दारूशिवायच्या त्या ठिणगीने गोळी जेमतेम नळीत ढकलली गेली आणि अडकून बसली. आपण ज्याला फुसका बार म्हणून हसतो, तो शब्दशः हा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरलं गेलं, अंतर ठेवून ते चित्रपटाचा नायक ब्रँडन लीवर झाडलं गेलं, आणि ब्लँकच्या दारूने अडकलेली गोळी त्याच्या पोटात घातली. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या क्षणी सिलिंडर उघडून बघितलं असतं तर आत नियमानुसार ब्लँकच दिसलं असतं. धडा झाला: डमी घरी बनवू नका, झाडण्याआधी नळीतून आरपार पाहा.

आणि मग २०२१. तीन मृत्यू, तिन्हींची कारणं निराळी. एकदा वायू, एकदा अडकलेली गोळी, एकदा सरळ खरं काडतूस. प्रत्येक वेळी नियमांच्या चाळणीतलं गेल्या वेळचं भोक बुजवलं गेलं, आणि पुढची वेळ दुसऱ्या भोकातून आली. तिन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट एकच: दारूचा स्फोट सोसून पुढे काहीतरी फेकण्यासाठीच घडवलेली, उघडी नळी असलेली वस्तू. तिच्यात गलथानपणाची भर पडली की माणूस मरतो हे खरं. पण गलथानपणा कुठल्या सेटवरून हद्दपार झाला आहे? चौदा तास राबलेली माणसं, मावळत चाललेला उजेड, डोक्यावर घड्याळ घेऊन बसलेला निर्माता, हे वातावरण सिनेमाला अपवादाने येत नाही, रोजच असतं. थकलेल्या माणसाने सहापैकी तीनच काडतुसं बघणं ही मला राक्षसी गोष्ट वाटत नाही. ती फार ओळखीची वाटते, आणि म्हणूनच भीतिदायक.

गाडीच्या उपमेचं म्हणाल तर ती दिसायला चोख आणि आतून पोकळ आहे. गाडीला चालावं लागतं, तिच्याशिवाय माणूस पोचत नाही. सिनेमात हेलिकॉप्टरही कधीकधी खरोखर उडावं लागतं, आणि १९८२ साली ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटाच्या सेटवर तेच कोसळून नट व्हिक मॉरो आणि दोन लहान मुलं गेली. तिथे धोका पूर्ण काढता येत नाही, तो कमीच करावा लागतो. पण सिनेमातल्या बंदुकीला काम काय असतं? तिने कुणाला मारायचं नसतं, कशाला भोक पाडायचं नसतं. तिने फक्त दिसायचं असतं. जी वस्तू केवळ दिसण्यासाठी आहे तिच्यात मारण्याची शक्ती शिल्लक ठेवण्याचा हट्ट कशासाठी?

सिनेमाच्या स्वतःच्या इतिहासात याचं उत्तर एकदा देऊन झालेलं आहे, आणि गंमत म्हणजे या वादात त्याची आठवण कुणी काढताना दिसत नाही. पहिली पन्नासेक वर्षं ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असे. रासायनिकदृष्ट्या ती बंदुकीच्या दारूची सख्खी नातेवाईक. एकदा पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी जळत राहते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यापासून भडका उडाला आणि सव्वाशे माणसं होरपळली. मग नियम आले. प्रोजेक्टरची खोली आगीला दाद न देणारी हवी, फिल्म धातूच्या डब्यात हवी. नियम चांगले होते. आणि तरी १९२६ साली आयर्लंडमधल्या ड्रमकॉलोगरला एका माळ्यावर चित्रपट दाखवताना उघड्या मेणबत्तीने रीळ पेटलं आणि अठ्ठेचाळीस माणसं गेली. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, नियम पाळले असते तर!

याच काळात कोडॅकने काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९२३ मध्ये घरगुती वापरासाठी १६ मिलिमीटरची फिल्म काढली, तेव्हा ती नायट्रेटवर काढलीच नाही, पहिल्यापासून ‘सेफ्टी’, म्हणजे सहजी न पेटणाऱ्या, फिल्मवर काढली. घराघरात कोण कुठे काय पेटवेल याचा नियम करता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थिएटरांसाठी मात्र नायट्रेट आणखी पाव शतक चाललं. तिथे जाणकार ऑपरेटर होते, कायदे होते, आणि पडद्यावरच्या त्या चंदेरी झळाळीला तोड नाही असं मानणारे रसिक होते. शेवटी १९४८ च्या सुमारास ३५ मिलिमीटरलाही टिकाऊ पर्याय निघाला आणि १९५१ पर्यंत कोडॅकने नायट्रेट बनवणंच थांबवलं. झळाळीचे चाहते आजही हळहळतात, आणि त्यांचं चूक नाही. नायट्रेटच्या प्रतीत खरोखर काहीतरी होतं. पण प्रोजेक्टरच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला ती झळाळी परवडत नव्हती.

आता वास्तवतेचा मुद्दा, कारण नामवंत दिग्दर्शक सर्वांत जास्त त्यालाच धरून बसतात. बार खरोखर उडाला की नट दचकतो, डोळे मिटतात, चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. रबरी पिस्तूल हातात धरून हे सगळं आणता येत नाही. यातलं दचकणं आणि चेहऱ्यावरचा उजेड मी मान्य करतो. पण बाकीचं? गोळीच नसल्यामुळे ब्लँकला धक्का फारसा बसत नाही, तो नटाला अभिनयानेच दाखवावा लागतो. स्वयंचलित बंदुका नुसत्या ब्लँकवर नीट चालतच नाहीत, त्यांच्या नळीत अडथळा बसवून त्यांची रचना बदलावी लागते. बाराचा आवाज नंतर स्टुडिओत घातला जातो. नळीतून निघणारी ज्वाळा इतकी क्षणिक असते की सेकंदाला २४ चौकटींच्या मधल्या अंधारात ती कित्येकदा सापडतच नाही आणि संगणकावर रंगवावी लागते. म्हणजे ‘खरी’ म्हणून डोक्यावर घेतलेली ही बंदूक पडद्यावर पोचेपर्यंत बरीचशी खोटीच झालेली असते. आणि जिच्यात बदल करण्याची गरजच पडत नाही, जी ब्लँक आणि खरी गोळी दोन्ही सारख्याच निमूटपणे गिळते, ती सहाबारी, म्हणजे रिव्हॉल्वर. ली आणि हचिन्स दोघांचाही जीव सहाबारीनेच घेतला, हा मला योगायोग वाटत नाही.

वास्तवतेचा हट्ट काही नवा नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलिवूडमध्ये भिंतीवर गोळ्यांचे व्रण उठलेले दाखवायला खरोखरचा नेमबाज बसवून खऱ्या गोळ्या झाडत. १९३१ मध्ये नट जेम्स कॅग्नी अशाच एका भिंतीच्या आडोशाला धावला आहे. पुढे भिंतीत बारीक बार आधी पेरून ठेवायची पद्धत आली आणि नेमबाज घरी गेला. आज कुणी म्हणतं का, की त्यामुळे गुंडपटांतली जान गेली?

खर्चाचं रडगाणं मला फारसं पटत नाही. दर ब्लँकमागे आर्मरर, तपासणी, तालीम, कानाला बोळे आणि विमा लागतो, तो खर्च कुणी मोजतच नाही. आर्मररच्या पोटावर पाय येईल, या चिंतेत मात्र तथ्य आहे. पण खोटी हत्यारंही कुणीतरी घडवायला, सांभाळायला आणि नटाला ती खरी असल्यासारखी धरायला शिकवायला लागतातच. बंदूक भरताना हात कसा हलतो, वजन मनगटावर कसं येतं, हे सांगणारा माणूस हवाच. आणि एखाद्या प्रसंगात बार उडणं अगदी अटळच असेल तर नळी आतून कायमची बुजवलेली, खरं काडतूस ज्यात बसतच नाही अशी निव्वळ ब्लँकसाठी घडवलेली हत्यारं वापरता येतात. तीही चेहऱ्याजवळ नकोत, पण निदान फुसका बार त्यांच्यात अडकून बसणार नाही.

‘दोन-चार जणांना तुरुंगात पाठवा, बाकीचे सुधारतील’ असं म्हणणाऱ्यांना आजवरचा हिशेब दाखवावा लागेल. ‘ट्वायलाइट झोन’च्या दिग्दर्शकासह पाचही जण १९८७ मध्ये निर्दोष सुटले. ब्रँडन लीच्या मृत्यूबद्दल फौजदारी खटलाच झाला नाही. ‘रस्ट’मध्ये आर्मररला दीड वर्षाची कैद झाली. सहाय्यक दिग्दर्शकाने आरोपांना आव्हान न देता तडजोड केली, त्याला सहा महिन्यांचं प्रोबेशन मिळालं. बाल्डविनचा खटला जुलै २०२४ मध्ये ऐन सुनावणीत निकाली निघाला, कारण सरकारपक्षाने काडतुसांसंबंधीचा पुरावा बचावपक्षापासून दडवला होता. निर्मितीसंस्थेला राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने १,३६,७९३ डॉलर दंड केला, तो तडजोडीत एक लाखावर आला. सगळ्यात तरुण आणि पदाने सगळ्यांत लहान व्यक्ती आत गेली. ती निर्दोष होती असं मी म्हणत नाही. पण हा निकाल ऐकून कुठला निर्माता रात्रभर जागा राहिला असेल? कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केलेला कायदाही प्रशिक्षणावर आणि सुरक्षा-सल्लागारावर भर देतो. ते स्वागतार्हच. पण बंदूक जिथे होती तिथेच राहते, तिच्याभोवतीच्या माणसांची संख्या तेवढी वाढते.

‘द रुकी’ ही पोलिसांची मालिका. दर भागात हाणामारी आणि गोळीबार. हचिन्स गेल्यावर दुसऱ्याच दिवशी या मालिकेच्या निर्मात्याने आपल्या सेटवर खऱ्या बंदुका बंद केल्या. हातात हवेच्या दाबावर चालणारी खेळण्यातली एअरसॉफ्ट, आणि ज्वाळा संगणकावर. त्यासाठी ना कायदा लागला, ना समिती, ना तंत्रज्ञानातला कुठला चमत्कार. मालिका पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिली.

आणि ‘रस्ट’? तो चित्रपट २०२३ च्या वसंतात माँटाना राज्यात पुन्हा सुरू झाला. हचिन्सचं अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या छायाचित्रकाराने पूर्ण केलं. सुरू करण्यापूर्वीच निर्मात्यांनी जाहीर केलं होतं की या वेळी सेटवर चालणारं एकही हत्यार नसेल आणि कुठल्याच प्रकारचं काडतूस नसेल. तेच वेस्टर्न, तोच जुना काळ, तीच कंबरेला लटकणारी सहाबारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलंडमध्ये छायाचित्रकारांसाठीच भरणाऱ्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच्याबद्दल बरंवाईट बरंच लिहून आलं. पिस्तुलं खोटी वाटली, अशी तक्रार माझ्या तरी वाचनात आलेली नाही.